नऊ महिने बंद असलेलं भाड्याचं घर: साफसफाई कोणत्या क्रमाने करावी?

नवीन_बिऱ्हाड

सिंहगड रस्त्याला पहिल्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने घेतलं आहे. इमारत जुनी आहे आणि घर नऊ महिने बंद होतं. लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर झाला आहे, भाडं 1 तारखेपासून सुरू आहे. सामान अजून हलवलेलं नाही, हातात एक आठवडा आहे.

घराची अवस्था अशी: बाथरूममध्ये गटाराचा वास येतो, फिनाइल ओतलं की तासभर कमी होतो आणि परत सुरू. किचन ट्रॉल्यांमध्ये बारीक झुरळं आहेत, बिजागऱ्यांपाशी काळे ठिपके. माळ्यावर उंदराच्या लेंड्या. बाथरूमवरच्या 500 लिटरच्या टाकीत तळाला काळसर गाळ. कमोडमध्ये पिवळट-तपकिरी थर (सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात). बेडरूममध्ये बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर कपाटामागे ओल आणि काळी बुरशी.

मालक म्हणतात, "तुम्ही साफ करून घ्या, नंतर बघू." पेस्ट कंट्रोलवाला घरभर फवारणी करून देतो म्हणतोय. घरात दीड वर्षाचं रांगतं मूल आहे. आधी काय करू, नंतर काय?

कृष्णाकाठ

आधी काहीच साफ करू नका. एक फेरी मारून सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ घ्या: ओल, बुरशी, लेंड्या, टाकीचा तळ, कमोड, ट्रॉल्यांच्या मागची बाजू. ते आजच मालकांना व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा. एकदा घासून लख्ख केलं की "घर असंच दिलं होतं" हे दाखवायला काही उरत नाही, आणि सोडताना डिपॉझिटमधून भिंतीच्या रंगाचे पैसे कापले जातात.

मग क्रम असा ठेवा: माळा, तेलकट ओटा आणि ट्रॉल्या, झुरळांचं जेल, बाथरूम, टाकी, शेवटी फरशी. वरून खाली यायचं, म्हणजे माळ्यावरची घाण धुतलेल्या ओट्यावर पडत नाही.

लेंड्या कोरड्या झाडूने अजिबात झाडू नका, व्हॅक्यूमही नको. वाळलेल्या लेंड्यांची आणि मुताची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे घाला. लिक्विड ब्लीच (बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 4 ते 5 टक्के लिहिलेलं असतं) एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण करून लेंड्यांवर भिजेल इतकं शिंपडा. दहा मिनिटं थांबा. मग जुन्या कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा आणि त्याच द्रावणाने जागा पुसा. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) उंदराच्या मुतातून पसरतो आणि कातडीवरच्या ओरखड्यातूनही शिरतो.

उंदीर कुठून येतो ते त्याच दिवशी शोधा. एसीच्या पाइपचं भोक, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ती जागा, माळ्यावरची जुनी वायरची भोकं बघा. करंगळी जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू सहज येतं. नुसतं सिमेंट किंवा एम-सील भरलं तर ते कुरतडतात. आधी स्टीलची घासणी गच्च कोंबा, वरून सिमेंट लावा. विषारी पेस्ट किंवा गोळ्या रांगत्या मुलाच्या घरात आणू नका, पिंजरा लावा.

आता झुरळं. घरभर फवारणीला स्पष्ट नाही म्हणा. बारीक, फिकट तपकिरी, मानेवर दोन उभ्या काळ्या रेघा असतील तर ती जर्मन झुरळं. ती गटारातून येत नाहीत, ट्रॉल्यांतच राहतात आणि तिथेच वाढतात. फवारणीने समोरची मरतात, बाकीची आणखी आत किंवा शेजारच्या घरात सरकतात. मादी अंड्यांची पिशवी फुटेपर्यंत अंगावर बाळगते, एका पिशवीत 30 ते 40 पिल्लं असतात, आणि पिशवीतल्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. म्हणून "एकदा मारलं, महिन्याने परत आली" हा अनुभव सगळीकडे सारखाच.

जेल वापरा, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं. पण त्याआधी तेलकटपणा गेलाच पाहिजे, नाहीतर त्यांच्यासाठी जेलपेक्षा चांगलं जेवण बाजूलाच पडलेलं असतं. ट्रॉल्या चॅनलमधून पूर्ण बाहेर काढा. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून चॅनल, बिजागऱ्या आणि एक्झॉस्ट फॅनची पाती घासा. ॲल्युमिनियमवर मात्र सोडा नको, काळं पडतं. सगळं कोरडं झाल्यावर मुगाएवढे थेंब लावा: प्रत्येक बिजागरीत, चॅनलच्या मागच्या टोकाला, सिंकखालच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, ओट्याच्या खालच्या कडेला. काळे ठिपके दिसतात तिथे जास्त, कारण ती त्यांची विष्ठा आहे आणि वस्तीची खूण. एकाच जागी मोठा गोळा लावण्यापेक्षा 30-40 बारीक थेंब कितीतरी चांगलं काम करतात. त्या जागा नंतर ब्लीचने किंवा फिनाइलने पुसायच्या नाहीत, जवळपास स्प्रे किंवा खडू नाही, नाहीतर झुरळं जेलला तोंड लावत नाहीत. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी करा. तोवर उरलेल्या पिशव्या फुटलेल्या असतात. दुसरी फेरी टाळली की सगळं मुसळ केरात.

तोटी_आणि_पाइप

वासाबद्दल लिहितो. नऊ महिने बंद घर म्हटल्यावर पहिला संशय नहाणी ट्रॅपवर. जाळीखालच्या वळणात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच गटाराचा वायू आणि मोठी तांबडी झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. फिनाइल ओतल्यावर तासभर वास कमी होतो तो बराचसा त्याच्या स्वतःच्या उग्र वासामुळे.

जाळी काढा. काही ट्रॅपमध्ये जाळीखाली उलट्या वाटीसारखा तुकडा असतो. पाणी तुंबतं म्हणून आधीच्या लोकांनी तो काढून फेकलेला खूप घरांत दिसतो. नसेल तर वास थेट वर येतो, जाळी वाटीसकट नवी बसवा. हातमोजे घालून केस आणि साबणाचा लगदा बाहेर काढा, ब्रशने आतली बाजू घासा, मग एक बादली पाणी जोरात ओता. आता टॉर्च मारून बघा, पाणी चमकताना दिसलं पाहिजे. दोन तासांनी परत बघा. पातळी उतरली असेल तर ट्रॅपला तडा आहे आणि तुमच्या भिंतीच्या ओलीचं कारणही तिथेच असू शकतं. फ्लश ओढल्यावर ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज येऊन पाणी ओढलं जात असेल तर व्हेंट पाइप (ड्रेनेजच्या लाइनीला हवा देणारा उभा पाइप) तुंबलाय, ते काम सोसायटीचं.

किचन सिंक आणि वॉशिंग मशीनचा वेस्ट पाइप ज्या भोकात सोडलेला असतो तिथे पाइपाभोवती बोटभर फट असते. दहा घरांपैकी आठ घरांत ती उघडीच. प्लंबिंगच्या दुकानात रबरी रिंग स्वस्तात मिळते, ती बसवा. सिंकखालची बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून निघते (खाली बादली ठेवा), आतला काळा लगदा काढून वॉशर नीट बसवून परत लावा. न वापरात असलेल्या ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही.

कमोड हलतोय का तेही बघा. बुडाचं पांढरं सिमेंट तडकलं असेल तर तिथूनही वास येतो.

गच्चीवरची_टाकी

टाकीचं माप लिहून ठेवा, ब्लीचिंग पावडर किती लागेल ते त्यावरच ठरतं.

टाकी रिकामी करा, गाळ खालून व्हॉल्व्हमधून न सोडता मगाने आणि फडक्याने बाहेर काढा, नाहीतर तो नळांत आणि गिझरमध्ये जाऊन बसतो. साबण न लावता नायलॉन ब्रशने भिंती घासा, दोनदा धुवा. मग 500 लिटरला 75 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनवाली). पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत ढवळून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. टाकी पूर्ण भरा. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सगळं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत नवीन पाण्याने धुवा. पिण्याच्या फिल्टरचा नळ या काळात बंदच ठेवा, एवढ्या क्लोरीनने आरओची जाळी खराब होते. गिझरही बंद. घरात मालकांचा जुना फिल्टर असेल तर सगळी कार्ट्रिज बदलल्याशिवाय ते पाणी मुलाला देऊ नका.

पावडर सुटी, ओलसर, गुठळ्या झालेली असेल तर घेऊ नका. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. आणि सोसायटीची वरची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा. ती घाण असेल तर तुमची टाकी महिन्यात पूर्ववत.

तांबट_आळी

कमोडबद्दल, आणि एक सूचना जी कुणीच अजून लिहिलेली नाही: ब्लीच आणि ॲसिड एकाच दिवशी बाथरूममध्ये वापरू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला किंवा ब्लीचिंग पावडरला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. टाकीचं पाणी बाथरूममध्ये सोडणार असाल तर त्या दिवशी कमोडला हात लावू नका. डोळे चुरचुरले, खोकला आला तर बाहेर या, दार उघडं ठेवा, काही धुवायला परत आत जाऊ नका.

बोअरच्या पाण्याचा थर ब्रशने निघत नाही, तो आम्लानेच विरघळतो. ब्रशने पाणी आत ढकलून कमोडची पातळी खाली आणा, नाहीतर क्लीनर पातळ होतो. क्लीनर कडेखाली सोडा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, घासा, फ्लश करा. जाड थराला तीन-चार वेळा करावं लागतं. नळ आणि शॉवरला मात्र हे लावू नका, क्रोम जातं. तिथे एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा.

हार्डवेअरच्या दुकानातलं सुटं ॲसिड फरशीवर ओतणारे सफाईवाले असतात, त्यांना आधीच बजावा. टाइल चमकते, पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि पाणी खाली उतरायला लागतं. कडाप्पा आणि कोटा तर कायमचे पांढरट पडतात.

नवीन_बिऱ्हाड

खूप उपयोगी, धन्यवाद. फोटो पाठवले. ट्रॅपची वाटी खरंच नव्हती, नवी बसवली, वास गेला. दोन शंका: जेल मुलाच्या हाताला लागलं तर? आणि ओलीचं काय? रंगारी म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारला की झालं.

कृष्णाकाठ

जेलमध्ये औषधाचं प्रमाण अगदी थोडं असतं, तरी मुलाचा हात पोचेल तिथे लावायचंच नाही. खालच्या ट्रॉल्यांत फक्त मागच्या टोकाला, आणि ट्रॉल्यांना चाइल्ड लॉक. हाताला लागलं तर साबणाने धुवा, तोंडात गेलं तर वेष्टण घेऊन डॉक्टरांकडे.

तोटी_आणि_पाइप

रंगाऱ्याला थांबवा. ओल्या भिंतीवर रंग मारला तर पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतात. आधी पाणी कुठून येतं ते ठरवा.

हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवा कोंडल्याची ओल, त्यावर उपाय म्हणजे कपाट तीन इंच पुढे आणि खिडकी उघडी.

भिंतीतून असेल तर दुसरी चाचणी. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, सगळे नळ बंद, टाकीत पातळीची खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर भिंतीतला पाइप गळतोय (फ्लशची टाकी गळत नाही ना, ते आधी बघा). उतरली नसेल तर ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवून बाथरूमच्या फरशीवर दोन इंच पाणी 24 तास उभं करा. ओल वाढली तर सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. फक्त सांधे गेले असतील तर जुनं ग्राउट (टाइलच्या सांध्यातला भराव) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यावर काम भागतं. ओल वरून, छताजवळ सुरू होत असेल तर मात्र वरच्या मजल्याचं बाथरूम.

बुरशी कोरडी खरवडू नका. मास्क घालून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकी फेकून द्या. मुलाला या खोलीत झोपवणं ओल जाईपर्यंत टाळा.

दस्त_नोंदणी

खर्चाबद्दल. भाड्यातून परस्पर पैसे कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 मध्ये दुरुस्तीसाठी किमान 15 दिवसांची नोटीस देऊन, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश मर्यादेत खर्च वळता करण्याची तरतूद आहे, पण ती भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो, त्याला हे कलम आपोआप लागू होत नाही. तुमचा आधार तुमचा रजिस्टर करार. त्यात दुरुस्तीचं कलम शोधा: बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची आणि मोठी, म्हणजे गळती वगैरे, मालकाची असते.

"नंतर बघू" याला लेखी रूप द्या. प्लंबरकडून कागदावर अंदाज घ्या आणि मालकांना पाठवा: "ट्रॅप, टाकी, झुरळांचं औषध यांचा खर्च इतका झाला, बिलं सोबत. भिंतीच्या गळतीचा अंदाज इतका. हे पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वळतं करायला आपली संमती कळवावी." उत्तरात नुसतं "ओके" आलं तरी चालेल, पण ते लेखी हवं. फोनवर हो म्हणाले असतील तर त्याच दिवशी "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" असा मेसेज टाका.

गळती वरच्या बाथरूममधून निघाली तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे तो खर्च त्या सदनिकेच्या सभासदाचा. गच्ची, पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर सोसायटीचा. दोन्ही बाबतींत अर्ज मालकांच्या सहीनेच द्यायला लावा, कारण सभासद ते आहेत, तुम्ही नाही.