विषय: 'आय न्यू' म्हणजे 'गोत्तायितु' नव्हे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या कन्नड कुटुंबातील आजी धारवाडहून येथे श्टुटगार्टला राहायला आल्या आहेत. सूनबाई जर्मन असल्यामुळे घरातील समाईक भाषा इंग्रजी, आणि आजींना ती शिकवण्याचे काम मी आनंदाने पत्करले आहे. गेल्या आठवड्यात सूनबाई त्यांना कपडे धुण्याचे यंत्र कसे चालवायचे ते सावकाश समजावून सांगत होत्या, तेव्हा आजी प्रत्येक वाक्याला मान डोलावून 'आय न्यू, आय न्यू' म्हणत राहिल्या. सूनबाईंचा चेहरा उतरला. सगळे आधीच ठाऊक होते तर मला एवढे का सांगू दिले, असे त्यांना वाटले. आपले काय चुकले हे आजींना उमगेना, आणि मला कन्नड येत नसल्यामुळे मलाही सांगता येईना. इंग्रजीतील या 'नो' शब्दाला, म्हणजे जाणणे या अर्थाच्या 'नो'ला, कन्नडमध्ये नेमके काय म्हणतात आणि आजींना तो कसा समजावून द्यावा, याबद्दल कोणी मार्गदर्शन करील का?

आपला,
एक सभासद

*

नमस्कार.

माझे माहेर बेळगावचे, त्यामुळे दोन्ही भाषा कानावर पडतच मी वाढले. आजी कोठे अडल्या ते मला लगेच दिसले, कारण मराठी माणूसही नेमका तेथेच अडतो. कोणी काही समजावून सांगितले की आपण 'कळले' म्हणतो. 'माहीत होते' म्हणत नाही. कन्नडमध्ये हा भेद तितकाच ठसठशीत आहे. 'गोत्तायितु' म्हणजे आत्ता कळले, आणि 'गोत्तित्तु' म्हणजे आधीपासून माहीत होते. धारवाडकडे 'गोत्तायितु'च्या जागी 'तिळीतु' असेही सर्रास म्हणतात. आजींच्या मनात 'तिळीतु' होते. ते भूतकाळी रूप, म्हणून त्यांनी 'नो'चा भूतकाळ 'न्यू' उचलला, आणि ऐकणाऱ्याला मात्र 'गोत्तित्तु' ऐकू आले. इंग्रजी 'नो' हे क्रियापद कळण्याच्या क्षणाचे नसून कळून झाल्यानंतरच्या स्थितीचे आहे, आणि तो क्षण सांगायचा असेल तर इंग्रजी माणूस 'अंडरस्टँड', 'रिअलाइझ' किंवा 'फाइंड आउट' अशा वेगळ्या शब्दांकडे वळतो. कोणी समजावून सांगत असताना तर तो चक्क वर्तमानकाळात 'आय सी' म्हणतो. बाकी सारे मागे राहिले तरी चालेल, परंतु 'तिळीतु' म्हणजे 'आय सी' आणि 'गोत्तित्तु' म्हणजे 'आय न्यू' ही जोडी आजींना सर्वांत आधी पाठ करून द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

'गोत्तु' हे खरे तर क्रियापदासारखे चालतच नाही. 'ननगे गोत्तु', 'निनगे गोत्तु', 'अवरिगे गोत्तु', म्हणजे मला, तुला, त्यांना माहीत. माणूस बदलला तरी शब्द जागचा हलत नाही आणि जाणणारा चतुर्थीत राहतो. इंग्रजीत जाणणारा वाक्याचा कर्ता होतो, त्यामुळे 'शी नोज' म्हणताना शेवटचा 'ज' आजींकडून गळला तर त्यांना लगेच टोकू नये. त्यांच्या भाषेत तेथे काही बदलण्याची सवयच नाही.

कौशल्याची गोष्ट निराळी. 'ननगे ईजलु बरुत्तदे' हे शब्दाला शब्द ठेवून 'मला पोहता येते' असे मराठीत उतरते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावातील मराठी, कन्नड व उर्दू बोलींची वाक्यरचना शेजाराने किती एकसारखी झाली आहे, हे गम्पर्झ आणि विल्सन या भाषाभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले; ते वाचताना मला बेळगावचे आमचे घरच आठवले होते. इंग्रजीत मात्र विद्या माणसाकडे 'येत' नाही. तेथे 'नो हाउ टू स्विम' किंवा सरळ 'कॅन स्विम' म्हणावे लागते. हे 'कॅन' मुळात 'नो'च्याच कुळातले आहे आणि त्याचा जुना अर्थ जाणणे असाच होता. जर्मन लोक 'इश कान डॉइच' म्हणतात तेव्हा तो अर्थ आजही जिवंत दिसतो. आजींना हे पटवणे सोपे आहे, कारण कन्नडमध्ये 'बल्ल' या एकाच शब्दात जाणणे आणि करू शकणे ही दोन्ही आहेत. 'माडबल्ले' म्हणजे मी करू शकते, आणि 'बल्लवने बल्ल बेल्लद रुचिय' म्हणजे गुळाची गोडी जाणणाराच जाणे. ही म्हण आजींना नक्की ठाऊक असेल.

माणसांच्या बाबतीत एवढेच सांगावे की 'आय नो हिम' म्हणजे ओळख आहे. नुसते नाव ऐकले असेल तर 'नो ऑफ हिम' म्हणावे.

'तिळि'बद्दल थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. या शब्दाचा एक अर्थ निवळ, नितळ असा आहे. 'तिळि नीरु' म्हणजे गाळ खाली बसलेले पाणी, 'तिळि सारु' म्हणजे पातळ, निवळ सार. गढूळ पाणी निवळावे तसे मनात निवळते, म्हणून ते कळणे. १८९४ साली मंगळूरला ज्यांचा मोठा कन्नड-इंग्रजी कोश छापला गेला, ते फर्डिनांड किटेल आपल्या जवळच्याच ट्युबिंगेनमध्ये १९०३ साली वारले. आजींना तेथे एकदा अवश्य घेऊन जावे.

आपली,
भाषावर्गाची एक स्वयंसेविका

*

ताई, मनःपूर्वक आभार.

काल आजींना 'तिळि सारु'चे उदाहरण दिले, आणि गुळाची ती म्हण सुरू केली तेव्हा त्यांनी ती माझ्याआधीच पूर्ण केली. त्यानंतर 'आय सी' त्यांच्या तोंडी लगेच बसले. त्यांचे आणखी एक वाक्य आपल्या स्पष्टीकरणामुळे उलगडले. दारावर आलेल्या टपालवाल्याला त्या 'जर्मन नॉट कमिंग' असे सांगत असत, आणि कोणी जर्मन पाहुणा यायचा राहिला आहे, असा त्याचा समज होई. मनात 'ननगे जर्मन बरुवुदिल्ल' होते, हे आता कळले. आज सकाळी त्यांनी त्याला 'आय डोंट नो जर्मन' असे सांगितले, आणि तो पुढचे सगळे त्यांच्याशी सावकाश इंग्रजीत बोलला.

आपला,
तोच सभासद