दुसऱ्याच्या नावाचा चेक उधारीपोटी घ्यावा का?

प्रश्न (कृषी सेवा केंद्र चालक, पिंपळगाव बसवंत)
एका द्राक्ष बागायतदाराकडे औषधे आणि खतांची १,८०,००० रुपयांची उधारी आहे. त्यांची द्राक्षे घेतलेल्या व्यापाऱ्याने त्यांच्या नावाने तेवढ्याच रकमेचा, पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक दिला असून, त्याच्या मागे सही करून तो मला देण्याची त्यांची तयारी आहे. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा मारलेल्या आहेत. उद्या व्यापारी ‘माल कमी प्रतीचा निघाला’ असे म्हणाला, तर माझे पैसे अडकतील का?

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक रोड)
आधी त्या दोन रेषांमध्ये काही लिहिले आहे का, ते पाहा. सारे त्यावर अवलंबून आहे. नुसत्या रेषा असतील, तर चेकचे पैसे खिडकीवर रोख न मिळता केवळ बँकेमार्फत मिळतात, पण मागे सही करून, म्हणजे पृष्ठांकन करून, तो दुसऱ्याला देता येतो. ‘अकाउंट पेयी’ असे लिहिलेले असेल, तर ज्याच्या नावाचा चेक आहे त्याच्याच खात्यात रक्कम जमा करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातले आहे. (५०,००० रुपयांपर्यंतच्या अशा चेकसाठी पतसंस्थांच्या सभासदांना सवलत आहे, तुमची रक्कम त्यात बसत नाही.) अशा वेळी बागायतदारांनी तो स्वतःच्या खात्यात भरावा आणि तुम्हाला आपला चेक द्यावा, हाच सरळ मार्ग.

उत्तर २ (किराणा व्यापारी, लासलगाव)
घाई कशाला? चेक सहा महिने चालतो. हंगाम संपल्यावर भरा.

उत्तर ३ (वकील, नाशिक)
सहा महिन्यांची मुदत आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत सादर करावा लागतो.

मूळ प्रश्न मात्र ‘चलनक्षम’, म्हणजे हातोहात हस्तांतरित होऊ शकणारा कागद, या शब्दाच्या गाभ्याशी जातो. विकणाऱ्याचा वस्तूवर जेवढा हक्क असतो, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, हा मालाच्या व्यवहारातला सर्वसाधारण नियम. चोरीची मोटारसायकल प्रामाणिकपणे विकत घेतली, तरी ती मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने वचनचिठ्ठी (पैसे देण्याचे लेखी वचन), हुंडी आणि चेक यांना या नियमातून बरीच मोकळीक दिली, कारण हे कागद हातोहात फिरावेत आणि घेणाऱ्याला प्रत्येक वेळी मागच्या व्यवहाराचा इतिहास तपासत बसावे लागू नये, असा त्यामागचा हेतू होता. म्हणून ज्याने मोबदला देऊन, देय होण्यापूर्वी आणि देणाऱ्याच्या हक्कात दोष असल्याची शंका येण्याजोगे कारण नसताना चेक घेतला, तो कलम ९ नुसार यथाविधि धारक, म्हणजे आधीच्या व्यवहारातील दोषाची झळ न बसणारा धारक, ठरतो. तुमची जुनी उधारी हाही मोबदलाच आहे. व्यापाऱ्याचा मालाच्या प्रतीबद्दलचा वाद बागायतदाराशी आहे, तो तुमच्या आड येत नाही. कलम ४३ प्रमाणे मोबदला देऊन चेक घेतलेला धारक आधीच्या पक्षांकडून रक्कम वसूल करू शकतो. रेषांमध्ये ‘नॉट निगोशिएबल’ असे लिहिलेले असेल, तर मात्र चेक हस्तांतरित होतो, पण देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही.

चेक परत आला, तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करावी लागते. ती व्यापाऱ्याविरुद्ध होईल, कारण चेक त्याच्या खात्यावरचा आहे; पृष्ठांकन करणाऱ्या बागायतदारांवर दिवाणी जबाबदारी राहते, म्हणून त्यांनाही नोटीस द्या.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. रेषांमध्ये ‘अकाउंट पेयी’ असेच छापलेले निघाले, त्यामुळे तो चेक घेत नाही. तोवर बागायतदार ‘आपल्याला १,८०,००० रुपये देणे लागतो’ अशी चिठ्ठी लिहून द्यायला तयार आहेत. ती चालेल का?

उत्तर ३ (वकील, नाशिक)
देणे कबूल केल्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडेल, पण ती वचनचिठ्ठी नव्हे. कलम ४ नुसार रक्कम देण्याचे बिनशर्त वचन हवे, तेव्हा ‘मागणी करताच देईन’ हे शब्द, तुमचे नाव, त्यांची सही आणि योग्य मुद्रांक असू द्या. मुद्रांकाविना वचनचिठ्ठी न्यायालयात पुराव्यात घेतली जात नाही, आणि ही चूक नंतर दंड भरूनही सुधारता येत नाही.