आखाजी-भाऊबीजेचे पैसे आणि डोक्यावरचं देणं : तुमच्या घरी काय झालं?

तापीकाठची (धागाकर्ती)

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आटोपली. माहेरून परतलेल्या लेकींच्या पिशवीत सांजोऱ्या आहेत, कुरडया आहेत, पर्समध्ये बाप-भावाने निघताना कोंबलेल्या नोटा आहेत. आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर नवरा, सासू, बचत गटाची मॅडम, सगळ्यांना त्या नोटांचा वास आलाय.

देणं असताना सणाला मिळालेला पैसा कशात घालायचा, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. सल्ले नकोत, ते ढिगाने मिळतात. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. रक्कम लिहिलीत तर बरं, हिशोब कळतो. भाऊबीज, राखी, होळी, आजोबांनी दिलेले, काहीही चालेल. बँकेचं किंवा माणसाचं नाव नको.

माझं मत आधीच सांगून टाकते: ओवाळणीवर पहिला हक्क बाईचा. कर्ज तिच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी. पण ट्रॅक्टरच्या हप्त्यात भाऊबीज गडप होताना पाहिली की माझं डोकं फिरतं.

केळीवाली, रावेर

पावसाच्या तोंडावरच्या वादळात आमची केळी आडवी झाली. घड कापणीला आलेले होते, व्यापारी बघून गेला होता. त्या वर्षी माझी सोन्याची पोत बँकेत गहाण गेली. ६०,००० कर्ज, वर्षाला १२ टक्के, मुदत एक वर्ष. म्हणजे वर्ष भरताना ७,२०० नुसतं व्याज.

दिवाळीला चौघा भावांचे मिळून ८,००० आले. व्याज भरलं आणि कर्ज पुढच्या वर्षावर ढकललं. थोरला भाऊ म्हणाला, "मुद्दल तर जागचं हललं नाही, मग तू कमावलं काय?" मी म्हटलं, मुदत. लिलावाची नोटीस आली असती तर पोत गेली असती, आणि सोन्याचा आजचा भाव बघता तेवढ्या वजनाची पोत मी या जन्मी घेतली नसती. राहिलेल्या ८०० मध्ये पोरांचे बूट.

पुढच्या कांदेबागेच्या पैशातून ती सोडवली. कांदेबाग म्हणजे कांद्याचा मळा नव्हे, पुणेकरांनी हसू नये. केळीच्या एका हंगामाची लागण आहे ती.

धुळ्याचा, सध्या पुण्यात

आजोबांनी पेन्शनमधून दिवाळीला १५,००० दिले. "मोटारसायकल घे, बसने कशाला हिंडतो?" असं म्हणून. माझ्या क्रेडिट कार्डावर तेव्हा ४०,००० थकलेले होते आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी दरमहा किमान रक्कम भरत होतो, २,०००. एकदा स्टेटमेंट नीट वाचलं. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे माझ्या २,००० मधून मूळ देणं कमी होत होतं ३४८ रुपयांनी! १५,००० एकरकमी भरले तेव्हा पुढच्या महिन्यापासून पाचशेच्या वर व्याज वाचायला लागलं, करासकट सहाशेच्या पुढे.

अवघड भाग पुढेच होता. आजोबा फोनवर विचारायचे, "गाडी कोणती घेतली रे?" शेवटी आईला सांगितलं, तिने त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीला पैसे नाही दिले, कपडे दिले.

निवृत्त गटसचिव, पारोळा

वर कुणी विकास सोसायटीबद्दल (गावातली पीककर्ज देणारी सहकारी संस्था) लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. खुर्चीत बसून पाहिलेलं आहे.

आपल्याकडे माणूस जे देणं जास्त लाजवतं ते आधी फेडतो, जे जास्त कापतं ते नाही. सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत नाव नको म्हणून बाहेरून शेकडा ५ ने महिन्यावर पैसे उचलतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत, खरिपाचं साधारण ३१ मार्चच्या आत, भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत धरून शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. त्यामुळे मार्चअखेर नवं-जुनं करायची (जुनं कर्ज भरून नवं उचलायची) धावपळ चुकीची नाही, तारीख हुकली की सवलत जाते. पण नवं कर्ज हातात पडायला उशीर झाला की तोवर ते बाहेरचे ५ टक्के चालू राहतात. १ लाखाला महिन्याला ५,०००.

आखाजी येते एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेमकी या घोळाच्या वेळी. माझ्या गावातल्या एका सुनेने माहेरचे १०,००० सोसायटीत भरायला आणले होते. मी परत पाठवलं. म्हटलं, बाई, इकडे तुझं वर्षभर काही वाढत नाही, आधी त्या बाहेरच्याचं तोंड बंद कर. आणि हो, सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. विनापरवाना असेल तर तालुक्याला सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार होते. लोक करत नाहीत, कारण तो सावकार बहुधा भाऊबंदातलाच निघतो.

सालदाराचा पोरगा, चोपडा

आम्हाला आखाजी म्हणजे झोका नाही, हिशोब. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, त्याचं साल आखाजी ते आखाजी. बापाने वर्षभरात घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) त्या दिवशी मालक वहीतून वाचायचा: दवाखाना एवढे, लग्नाला एवढे, ज्वारीचं पोतं एवढ्याचं. वजाबाकी होऊन हातात काही यायचं नाही, उलट बाकीच निघायची. मग पुढचं साल त्याच मळ्यात.

मामा आईला लुगडं आणि ५०० रुपये द्यायचा. एका वर्षी बाप म्हणाला, बाकीत टाकू, तेवढंच ओझं उतरेल. आई म्हणाली, मालकाच्या वहीत घातलेला पैसा मला परत कधी दिसलेला नाही. तिने वरखेडीच्या बाजारातून एक पाठ (तरणी शेळी) आणवली. काळी, एका कानाला कापलेली. मालकाला राग आला, "बाकी ठेवून शेळ्या घेता का?" म्हणून. त्या शेळीवर बाकी काही फिटली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण माझी शाळेची फी तिच्या बोकडांवर निघाली, आणि ती फी उचल म्हणून वहीत चढली नाही.

बिनधास्त अक्का, भुसावळ

सगळे शहाणे जमलेत. मी ३,००० च्या ३,००० ची साडी घेतली. घराचं कर्ज वीस वर्षांचं आहे, माझ्या ३,००० ने बँक नाचणार नाही. आईने साडीसाठी दिले होते, साडी घेतली. संपलं.

अमळनेरचा भाऊ

अक्का, तुम्हाला नमस्कार! मी देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मेहुणे आखाजीला पत्त्यांना बसतात. आपल्याकडे त्या दिवशी बसतातच लोक, पण ह्यांची आखाजी आठवडाभर चालते. बहिणीला रोख दिली की ती कुठे जाणार हे माहीत होतं. मायच म्हणाली तिला, "तुले काय जोयजे ते सांग, पैसा नको मांगू."

बहीण म्हणाली, कपाशीचं बी. त्यांची कृषी केंद्रावर जुनी उधारी. उधारीत पाकीट घेतलं की दुकानदार भाव वेगळा लावतो, वर खतासोबत नको ती औषधंही गळ्यात मारतो, आणि कापूस आला की आधी त्याचं देणं. मी रोखीने पाच पाकिटं घेतली, साधारण ९०० ला एक, बिल तिच्या नावाचं करून घेतलं. पक्कं बिल हवंच, बी उगवलं नाही तर तक्रार त्यावरच होते. मेहुणे दोन दिवस बोलले नाहीत. पेरलं मात्र त्यांनीच.

गटातली, एरंडोल

ओवाळणी नाही, पण राखीच्या तोंडावर आलेले म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते एकदम आले, ३,०००. माझे बँकेने जुन्या थकबाकीत वळते करून घेतले. तेव्हा सरकारने बँकांना असे पैसे कापू नका म्हणून सांगितलेलं होतं. पेपरातलं कात्रण घेऊन गेले, अर्ज दिला, पोच घेतली. पैसे परत खात्यात आले, पण राखी होऊन गेल्यावर.

ते मी बचत गटाच्या कर्जात भरले, फायनान्सवाल्यांच्या नाही. गटाचं व्याज महिन्याला शेकडा २ असलं तरी ते आमच्याच गटात राहतं. फायनान्सवाल्याचा हप्ता तसाही ठरलेल्या दिवशी बसतो. जास्तीचे दिले तर तो पुढचा हप्ता म्हणून जमा करतो, व्याज कमी करत नाही. निदान आमच्याकडे येणारा तरी असं करायचा. विचारून घ्या.

धडगावचा मास्तर

आमच्याकडे होळी मोठी. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो, गुजरातकडे ऊसतोडीला गेलेली माणसं परततात. मुकादम निघताना दोन-तीन हजार हातावर ठेवतो, "सणाला घे" म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला ती बक्षिसी वाटली. त्याने ढोल मढवून घेतला, बायकोला चांदी घेतली. पुढच्या हंगामात ती रक्कम उचलीत धरलेली निघाली. आता माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी एकच प्रश्न करतो: देताना अंगठा घेतला का?

तापीकाठची (धागाकर्ती)

मास्तर, अंगठा कोऱ्या कागदावर घेतात की वहीत? आणि ज्यांच्याकडे वही नाहीच, त्यांचा हिशोब कुणाच्या तोंडचा धरतात? यावर सविस्तर लिहा.

अक्का, साडीचा रंग राहिला सांगायचा.