एसीचं तापमान कोणी ठरवायचं: बीएमएसने की खोलीतल्या माणसाने?

निशिगंधा
इमारतीतले एसी बीएमएसवर, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण यंत्रणेवर घेतले की बहुतेक ठिकाणी भिंतीवरचे रिमोट लॉक होतात. ऑपरेटर पडद्यावर २४ टाकतो आणि सगळ्या मजल्यांवर २४. मला हे मुळातच पटत नाही. यंत्रणेने मर्यादा घालावी, २३ ते २६ म्हणा, पण त्या मर्यादेत आकडा हलवायचा हक्क तिथे बसणाऱ्याचा. 'ॲश्रे' या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेचं ५५ क्रमांकाचं मानक सहा गोष्टी मोजायला सांगतं: हवेचं तापमान, आसपासच्या भिंती-काचांची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराचे श्रम. ऑपरेटरला त्यातली बहुधा पहिलीच दिसते. उन्हाच्या काचेला लागून बसणाऱ्याचं २४ आणि थेट झोताखाली बसणाऱ्याचं २४ एक कसं?

कॉम्प्रेसर
साफ असहमत. बीएमएस चालवणं हेच माझं काम आहे. रिमोट मोकळे सोडले की एकाच हॉलमध्ये एक युनिट १८ वर आणि शेजारचं २६ वर. मग १८ वालं दिवसभर एकटं राबतं. लवकर गार व्हावं म्हणून लोक १८ टाकतात. ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरला १८ काय अन् २४ काय, गार करण्याचा वेग तोच. फक्त २४ ला तो थांबला असता, तिथे थांबत नाही. वीजबिलाचा जाब मात्र आम्हाला विचारतात.

निशिगंधा
१८ ची मुभा मी मागितलेलीच नाही. खालची हद्द तुम्हीच २३ ला बांधा. संध्याकाळी वेळापत्रकाने सगळे सेटपॉइंट, म्हणजे टाकलेले तापमानाचे आकडे, मूळ जागी आणा, म्हणजे कालचा आकडा आज कुणाला छळणार नाही.

रिटर्न_एअर
त्याआधी सेन्सर कुठे आहे ते बघा. छतातल्या युनिटमध्ये तो परतीच्या हवेत, म्हणजे खोलीतून युनिटकडे परत ओढल्या जाणाऱ्या हवेत असतो, आणि गरम हवा वर चढते. पडद्यावर २५ दिसत असताना टेबलाशी त्याहून कमी असू शकतं, आणि तिथला माणूस कुडकुडत असतो. माणसं बसतात त्या उंचीवर भिंतीचा सेन्सर लावून युनिटला तोच वाचायला लावा, मग आकड्यावर भांडा.

बिट_बाय_बिट
केंद्रातून सगळं शिस्तीत चालतं, हेही मला मान्य नाही. बॅकनेट, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, तिच्या मानकात (पहिली आवृत्ती १९९५) एकाच बिंदूवर, उदाहरणार्थ एका खोलीच्या सेटपॉइंटवर, लिहिण्यासाठी प्राधान्याच्या १६ पातळ्या आहेत, १ सर्वांत वरची. ऑपरेटरने हाताने टाकलेली किंमत, म्हणजे आकडा, ८ व्या पातळीवर बसते. वेळापत्रक सहसा त्याच्या खाली, अनेकदा १६ वर लिहितं. कुणाच्या तक्रारीवरून ऑपरेटरने ८ वर २२ टाकलं आणि ते मोकळं करायला विसरला, तर वेळापत्रक रोज इमानेइतबारे लिहीत राहतं आणि खोली २२ वरच राहते. अशा अडकलेल्या किमती शोधत बसणं हे वेगळंच काम होऊन जातं.

दुसरं, रिमोटवर कुणी बदललं की लगेच परत २४ व्हावं म्हणून काही जण दर मिनिटाला सेटपॉइंट लिहितात. कृपा करून हे करू नका! बऱ्याच युनिटमध्ये तो आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये साठतो आणि तिच्यावर लिहिण्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात. सतत लिहून बोर्ड बाद होतो. किंमत बदलली तरच लिहा.

कॉम्प्रेसर
ईईप्रॉमचं बरोबर, म्हणून तर मी रिमोट लॉक करतो. लॉक असेल तर वारंवार लिहायची गरजच पडत नाही. आणि निशिगंधा, मोठ्या हॉलमध्ये रिमोट एक आणि माणसं तीस. तुमच्या २३ ते २६ मध्येही रिमोटपाशी बसणाराच जिंकणार. उष्णतेच्या सुखावर संशोधन करणारे फँगर यांच्या गणितात तर सर्वांत अनुकूल स्थितीतही सुमारे ५ टक्के लोक नाराज राहतातच.

निशिगंधा
हॉलपुरता मुद्दा मान्य. तिथे आकडा मध्यवर्ती ठेवा. पण एक-दोघांच्या केबिनला तोच नियम लावायचं कारण उरत नाही. ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

खिडकीवाली
मी फक्त वापरणारी. लॉक चालेल एकवेळ, पण रिमोटचा पडदाही कोरा करून टाकतात. खोलीत आत्ता किती आहे आणि सेटपॉइंट किती, एवढं तरी दिसू द्या. तक्रार करायची तर 'गरम होतंय' याशिवाय सांगायला काही नसतं, आणि पलीकडून उत्तर येतं की पडद्यावर सगळं ठीक आहे.

कॉम्प्रेसर
दाखवायला काहीच हरकत नाही, वाचायची परवानगी आणि बदलायची परवानगी वेगवेगळी देता येते. केबिनला वर-खाली एक अंश देऊन बघायला मी तयार आहे, सेन्सर भिंतीवर आणल्यानंतर. सर्व्हर रूम मात्र यात धरू नका, तिथलं लॉक निघणार नाही.