हृदयविकाराचा दोष जीवनशैलीच्या माथी किती मारावा?

सव्यसाची (धागाकर्ता)

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला जाणारे लोक बहुधा त्याची उलटतपासणी घेऊनच परततात. तो काय खात होता, चालायला जात होता की नाही, रात्री किती वाजता झोपत होता, या प्रश्नांच्या उत्तरांतून काहीतरी दोष सापडला की विचारणाऱ्याला हायसे वाटते, कारण आपण तसे वागत नाही एवढा दिलासा त्याला पुरतो. आहार, व्यायाम आणि राहणीमान यांचा हृदयाशी संबंध आहेच. परंतु हाती असलेला पुरावा जेवढा भक्कम आहे, त्याच्या कितीतरी पट आत्मविश्वासाने तो संबंध सांगितला जातो, आणि त्यातून आजारी माणसाच्या पदरी अपराधीपणा येतो.

दोन मोठ्या चाचण्यांकडे पाहा. अमेरिकेतील ‘लुक अहेड’ चाचणीत वजन जास्त असलेल्या ५,१४५ मधुमेही स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना आहार आणि व्यायाम यांचा अतिशय काटेकोर कार्यक्रम दिला गेला आणि बाकीच्यांना नेहमीचे मार्गदर्शन मिळाले. पहिल्या गटाचे वजन उतरले, तंदुरुस्ती सुधारली. परंतु साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत ठोस फरक दिसेना, तेव्हा २०१२ साली तो कार्यक्रम थांबवावा लागला. त्याआधी ४८,८३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत, सुमारे आठ वर्षे कमी स्निग्ध आहार घेऊनही हृदयविकाराचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. याउलट १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातले औषध) दिल्यावर सुमारे साडेपाच वर्षांत एकूण मृत्यूंमध्ये ३० टक्के घट झाली. गोळीचा पुरावा असा असताना उपदेश मात्र ताटाचाच होतो.

आणि जिम फिक्स यांचे काय? धावण्याचा हिरिरीने प्रसार करणारा हा लेखक १९८४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, रोजच्या धावण्याच्या वेळी हृदयविकाराने गेला.

अनाहत

धागा विचार करायला लावणारा आहे, परंतु निवडलेली उदाहरणे आपल्या निष्कर्षाला पेलत नाहीत.

फिक्स यांच्यापासूनच सुरुवात करतो. त्यांच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला झटका आला आणि ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत स्थूल होते आणि भरपूर धूम्रपान करत होते. असा वारसा आणि अशी तरुणपणीची सवय असलेला माणूस वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगला, तर त्यावरून धावणे निरुपयोगी ठरते हे कसे? एका माणसाच्या उदाहरणावरून दोन्ही बाजूंनी काहीच सिद्ध होत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

‘लुक अहेड’मध्ये तुलनेसाठी ठेवलेला गट उपचारांविना नव्हता. त्या गटातील लोकांना स्टॅटिनसारखी हृदयरक्षक औषधे उलट अधिक प्रमाणात दिली जात होती. दोन्ही गटांतील वजनाचे अंतर पहिल्या वर्षी मोठे होते, पण शेवटी एक गट मूळ वजनाच्या ६ टक्के खाली होता आणि दुसरा साडेतीन टक्के. इतक्या थोड्या फरकातून झटक्यांची संख्या बदलावी ही अपेक्षाच अवाजवी होती. स्त्रियांच्या चाचणीत एकूण स्निग्धांश कमी करायला सांगितले होते, स्निग्ध पदार्थांचा प्रकार बदलायला नव्हे, आणि एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल अवघे तीन-चार अंकांनी उतरले. ज्या घटकामुळे रोहिण्यांच्या भिंतीत थर साचतो तोच जागचा हलला नाही, तर परिणाम कुठून दिसणार?

यकृताच्या पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) रक्तातील एलडीएल उचलतात. या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. आहारात संपृक्त मेद (तूप-लोण्यात असतो तसा) वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळते. रोहिणीच्या भिंतीवर होणारा परिणाम एका वर्षाच्या एलडीएलचा नसतो, तो वर्षानुवर्षांच्या बेरजेचा असतो, जसे चक्रवाढ व्याजाच्या कर्जात मुद्दलापेक्षा मुदतच माणसाला जड जाते. साठाव्या वर्षी सुरू झालेली आणि आठ वर्षांत संपलेली चाचणी ही बेरीज मोजू शकत नाही.

सव्यसाची

चाचणी फसली की अवधी अपुरा होता म्हणायचे आणि निरीक्षणात्मक अभ्यास (ज्यात कुणाला काही न देता लोकांच्या नुसत्या नोंदी पाहतात) अनुकूल आला की तो सिद्धांत मानायचा, हा दुटप्पीपणा झाला. लंडनच्या दुमजली बसचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पण त्याच मॉरिस यांनी १९५६ साली या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा तरुण वयोगटातही चालकांच्या विजारींची कंबर अधिक रुंद निघाली. म्हणजे चालक होणारी माणसे मुळातच वेगळी होती, ही शक्यता उरते. मॉरिस यांनी ती स्वतः प्रसिद्ध केली, हा त्यांचा प्रामाणिकपणा आजच्या आरोग्यप्रचारकांत मला दिसत नाही.

भूमध्यसागरी आहाराच्या स्पेनमधील चाचणीचेही तेच. सुमारे ७,४४७ लोकांवरील या चाचणीचा २०१३चा शोधनिबंध सहभागींच्या गटवाटपातील चुकांमुळे मागे घेऊन २०१८ साली पुन्हा प्रसिद्ध करावा लागला.

अनाहत

पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हाही झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत मिळून सुमारे ३० टक्के घट कायम होती, हेही सांगायला हवे होते. मात्र त्या घटीत मोठा वाटा पक्षाघाताचा होता, झटक्यांचा नव्हता, हे मी आपण विचारण्याआधीच सांगून टाकतो.

कर्णिका

दोघांच्याही प्रतिसादांत अनुवंश जणू जीवनशैलीचा प्रतिस्पर्धी असल्यासारखा येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या विश्लेषणात ही विभागणीच टिकली नाही. धूम्रपान नाही, स्थूलता नाही, नियमित हालचाल आणि बरा आहार, या चारपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्या लोकांत, जनुकीय जोखीम सर्वाधिक असतानाही, हृदयविकाराचे प्रमाण यांपैकी फार तर एखादीच गोष्ट पाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यासही निरीक्षणात्मकच आहे, त्यामुळे सव्यसाची यांचा आक्षेप येथेही लागू होतो. तरीही वारसा वाईट असल्यास जपणुकीचा लाभ घटण्याऐवजी वाढतो, एवढे त्यातून दिसते.

एक अपवाद नोंदवते. अनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ सुमारे २५० माणसांत एकाला असते, आणि तिच्यात केवळ पथ्यावर भागत नाही. अशा माणसाला वर्षानुवर्षे ‘तेल-तूप कमी करा’ एवढेच सांगत राहणे हा उपचारातला हलगर्जीपणा आहे. कुटुंबात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल तर रक्तातील कोलेस्टेरॉल लवकर तपासावे, आणि ते फार वाढलेले असेल तर औषधाला कमीपणा मानू नये.

निरंजन

मला वाटते, दोन्ही पक्ष एकाच माणसाकडे पाहत आहेत आणि प्रश्न संपूर्ण समाजाचा आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली हा भेद मांडला: अमुक माणूस आजारी का पडला याचे कारण एक असते आणि या समाजात आजाराचे प्रमाणच इतके का आहे याचे कारण वेगळे असू शकते. फार मोठी जोखीम असलेले लोक थोडे आणि मध्यम जोखमीचे लोक असंख्य, त्यामुळे बहुतेक झटके मध्यम जोखमीच्या गर्दीतूनच येतात. व्यक्तीला उपदेश करून ही गर्दी हलत नाही.

मीठ हे याचे उत्तम उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, पण पाकिटबंद पदार्थांतले मीठ खाणाऱ्याच्या हाती नसतेच. चीनमधील ६०० गावांतील सुमारे २१ हजार लोकांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या गावांतल्या सहभागींचे मीठच बदलले गेले: चतुर्थांश सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. पाच वर्षांच्या आत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी घटले. सव्यसाची यांना हवी तशी ही यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी केलेली) चाचणी आहे, आणि तिच्यात कुणाच्याही निग्रहाची परीक्षा घ्यावी लागली नाही. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.)

पाळ्यांत काम करणाऱ्या, अपुरी झोप मिळणाऱ्या माणसाला आठवड्यातून १५० मिनिटे मध्यम व्यायाम करा हे सांगणे बरोबर आहे, पण त्याने तो केला नाही म्हणून दोष त्याचा, असे ठरवणे अन्यायाचे आहे.

सव्यसाची

निरंजन यांचा प्रतिसाद माझ्या म्हणण्याच्या सर्वांत जवळचा आहे. मीठ बदलणे मला मान्य आहे. माणसाला दोषी धरणे अमान्य आहे. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांताचा दाखला कुणी देण्याआधीच एक मुद्दा मांडतो. तेथे १९७२ पासून लोणी, मीठ आणि धूम्रपान यांविरुद्ध मोहीम चालली आणि काम करत्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. परंतु मोहीम नसलेल्या शेजारच्या प्रांतातही मृत्यू मोठ्या प्रमाणात घटत होते. अमेरिकेतील १९८० ते २००० या काळातील घटीचे जे विश्लेषण २००७ साली झाले, त्यात सुमारे ४७ टक्के श्रेय उपचारांना आणि ४४ टक्के जोखीम घटकांतील सुधारणेला दिले गेले. वाढलेल्या हालचालीच्या वाट्याला त्यातले फक्त ५ टक्के आले.

अनाहत

हालचालीला ५ टक्के मिळाले, कारण त्या वीस वर्षांत लोकांची हालचाल फारशी वाढलीच नाही. जे बदललेच नाही त्याच्या पदरी श्रेय येणार नाही, पण त्यावरून त्याची ताकद मोजता येत नाही. त्याच विश्लेषणात रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान घटल्याने झालेल्या लाभातला काही भाग वाढत्या स्थूलतेने आणि मधुमेहाने खाऊन टाकल्याचेही दाखवले आहे. औषधे सुधारत असताना दुसऱ्या बाजूने झालेले हे नुकसान आपल्या ४७ आणि ४४च्या हिशेबात दिसत नाही. माणसाला दोषी धरू नये, हे मलाही मान्य आहे. पण झटका येऊन गेलेल्या रुग्णाने ‘मी आता काय करू’ असे विचारले, तर गोळी नियमित घ्या एवढेच सांगून सिगारेटचा विषय टाळणारा डॉक्टर मला दयाळू वाटणार नाही. सिगारेट सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराची वाढीव जोखीम साधारण निम्म्यावर येते. त्याचा दोष काढायचा नसला तरी ही गोष्ट त्याला ठाऊक असायलाच हवी.