कोकणातलं छोटं घर: चिरा आणि कौल, की स्लॅब?

कातळवाट

राजापूर तालुक्यात आमच्या वाडीत अलीकडे उभी राहिलेली बहुतेक घरं स्लॅबची आहेत. आणि त्यातल्या निम्म्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा टाकलाय, कारण पावसाळ्यात स्लॅब पाझरतो आणि एप्रिल-मेमध्ये खाली झोपवत नाही. एका घराला दोन छपरांचा खर्च, तोही कर्ज काढून.

मला वाटतं, आपल्याकडे साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचं घर बांधायचं तर जांभ्याच्या भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर आणि पुढेमागे पडवी हेच करावं. खाणीतून निघताना जांभ्याचा चिरा मऊ असतो, तासता येतो, हवा लागली की टणक होतो. त्याला भट्टी लागत नाही, बाहेरून गिलावा लागत नाही. सिमेंटचं उलट: ते ज्यापासून दळतात ते क्लिंकर भाजायला 1450 अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे. वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढली, जोतं दोन फूट उचललं, की भिंतीला झड लागत नाही. हे आमच्या सुतार-गवंड्यांना सांगावं लागत नाही. पण ते आता काम शोधायला मुंबई-गोव्याला जातात, कारण गावात त्यांच्याकडून घर बांधून घेणारा उरला नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागतं. हाताखाली शिकणारा पोरगा नाही म्हणजे पुढच्या पिढीला हे घर बांधताच येणार नाही.

तेरणाकाठ

मी लातूर जिल्ह्यातला. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आजूबाजूची गावं झोपेत गाडली गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. आठ-दहा हजार जीव गेले. तीव्रता सहाच्या थोडी वर होती, म्हणजे फार मोठा भूकंप नव्हता. मारलं ते घरांनी.

आमच्याकडच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड कुठे नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ते गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. छपराचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेलेलं. हादरा बसला तशा भिंती फुगल्या, फुटल्या आणि माळवद खाली आलं. दगडही स्थानिक, मातीही स्थानिक, गवंडीही गावचाच होता.

म्हणून ‘पूर्वजांचं शहाणपण’ असं कुणी म्हटलं की मला ऐकवत नाही. माझ्या आईला आजही दगडी घरात झोप लागत नाही. तुम्ही कोयनेपासून फार लांब नाही. 11 डिसेंबर 1967 चा तिथला भूकंप विसरू नका.

कातळवाट

तेरणाकाठ, तुमचं दुःख मी वादात हरवू देणार नाही. पण 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये काय झालं तेही बघा. बन्नीतले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, बऱ्याच ठिकाणी उभे राहिले आणि भुज-अहमदाबादेत आरसीसीच्या इमारती कोसळल्या. भुंगा गोल आहे, बुटका आहे, वर गवताचं हलकं छप्पर आहे. काश्मीरमधल्या लाकडी चौकटीच्या धज्जी भिंतींनीही 2005 च्या भूकंपात तग धरला. वजन किती आणि सांधे बांधलेत कसे यावर घर तरतं. आमचं कौलारू छप्पर माळवदाच्या मानाने कितीतरी हलकं असतं.

माजघर

माती, शेण, सारवण यांवर लिहिणाऱ्या मंडळींना एक विचारते. सारवणार कोण? माझी सासू गुडघे टेकून दर आठवड्याला ओटी-माजघर सारवायची. आधी गोठ्यातून शेण आणा, कालवा, हाताने ओढा, वाळेपर्यंत पोरांना बाहेर ठेवा. पावसात वाळत नाही, कोपऱ्यात वाळवी लागते. हे काम घरातल्या एकाही पुरुषाने केलेलं मी पाहिलं नाही. आता तर दारात गायही नाही.

आम्ही भिंती चिऱ्याच्या ठेवल्या, कौलं ठेवली, जमीन मात्र लाल रंगाच्या कोब्याची केली. पायाला गार लागते आणि एका फडक्यात पुसली जाते. त्यात सिमेंट आहे, असू दे. घर टिकवण्यासाठी लागणारी मेहनत कुणाच्या अंगावर पडते, ते आधी ठरवा.

सड्यावरचा

चिऱ्यालाही एवढं निर्मळ मानू नका. पूर्वी हाताने काढायचे, आता मशीनची पाती सडा, म्हणजे कातळाचं पठार, सलग कापत जाते. खाण संपली की खोल चौकोनी खड्डे तसेच राहतात. ज्या सड्यांवर पावसाळ्यात फुलांचा गालिचा येतो आणि जिथे कातळशिल्पं सापडली आहेत, तेच सडे चिऱ्यासाठी उकरले जातात. ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पाचशे फुटांच्या घराला माझी हरकत नाही. पण हाच चिरा शहरातल्या लोकांच्या चार-चार हजार फुटांच्या वीकेंड बंगल्यांना जातो आणि त्यालाही ‘निसर्गस्नेही’ म्हणतात. पडलेल्या जुन्या घरांचे चिरे आणि कौलं आधी वापरा. पुष्कळ मिळतात.

गवंडीकाम

बाप गवंडी, मी ठेकेदारी करतो. लोक स्लॅब का मागतात? वर मजला चढवता येतो, माकडं कौलं फोडत नाहीत आणि दरवर्षी मे महिन्यात शाकारायला माणूस शोधावा लागत नाही. कौलारू घरात मुलगी द्यायला लोक कचरतात, हेही खरं आहे. घरकुलाला केंद्र आणि राज्य मिळून मूळ मदत 1 लाख 20 हजार. तेवढ्यात 25 चौरस मीटरचं घर बसवायचं तर लाकूड परवडतच नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडकडे कौलं पानांसारखी उडाली आणि पत्रे त्याहून लांब गेले. त्यानंतर मी असं करतो: वाशांऐवजी लोखंडी चौकोनी नळ्या. खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सलग फिरणारा आरसीसी पट्टा, छपराखाली आणखी एक. वरच्या पट्ट्यात बोल्ट आधीच रोवायचे आणि छपराचा सांगाडा त्यालाच आवळायचा. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याकडची कौलं तारेने रिपेला बांधायची. कोपऱ्यांत चिरे एकमेकांत अडकवायचे, उभी फट वरपर्यंत जाऊ द्यायची नाही. सिमेंट लागतं, पण स्लॅबच्या मानाने फारच थोडं.

लाकडाला दुसरा पर्याय माणगा बांबूचा. पण बोरॅक्स-बोरिक ॲसिडमध्ये मुरवलेलाच, नाहीतर भुंगा किडा खातो. कुडाळच्या कॉनबॅक या बांबूवर काम करणाऱ्या संस्थेने अशा बांबूची बांधकामं उभी केली आहेत. माझ्याकडची पोरं अजून त्याचे सांधे शिकलेली नाहीत. शिकायला दोन महिने जातात आणि तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार?

कातळवाट

गवंडीकाम, तुम्ही सांगितलेलं घर मला शंभर टक्के मान्य आहे. मजुरीचा प्रश्नही बरोबर विचारलात. सिमेंट-सळईवर जे वाचतं ते शिकवण्यावर खर्च व्हायला हवं, आणि घरकुल योजनेतूनच व्हायला हवं. वास्तुशिल्पी लॉरी बेकर केरळमध्ये गवंड्यांबरोबर साइटवर उभे राहून काम करायचे. त्यांच्या पोकळ रॅट-ट्रॅप बांधणीत विटा जवळपास पाव हिश्श्याने वाचतात आणि तिथले गवंडी ती काम करता करता शिकले. स्लॅबवर पत्रा टाकायला लोक जे पैसे घालतात, त्यात दोन पोरांची शिकवणी सहज निघेल.

तेरणाकाठ

फिरता पट्टा आणि आरपार दगड या गोष्टी भारतीय मानक 13828 मध्ये छापून आल्या, किल्लारीच्याच 1993 साली. इतक्या वर्षांत किती गवंड्यांच्या हातात त्या पोचल्या, ते आमच्या भागात फिरून बघा. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला मी आजही हो म्हणणार नाही. पण औशाजवळ माझ्या भाच्याचं घर दिवाळीनंतर सुरू होतंय, साडेचारशे फूट, आणि त्याला कौलं हवी आहेत. पट्ट्यांसकट, बोल्टसकट नकाशा काढून त्यावर सही करणारा अभियंता कुणाच्या माहितीत असेल तर इथे लिहा. इकडे विचारलेल्या तिघांनी ‘स्लॅब टाका, सही देतो’ एवढंच सांगितलं.