मुंबईत रात्री बाहेर पडताना: विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असं काय, कुठे, कसं? (अनुभव धागा)

अपफास्ट (धागाकर्ता)

कॉलेजं सुरू झाली की बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींचा हमखास प्रश्न असतो: रात्री स्वस्तात जायचं कुठे? जागांची नावं चार लोक सांगतात, पण पैसे नेमके कुठे गळतात ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. किस्से नकोत. दर, वेळा, पद्धत, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच लिहा.

सुरुवात गाडीपासून करतो, कारण मुंबईत रात्र स्वस्त पडली की महाग, हे परतीच्या गाडीवर ठरतं. चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमाराला सुटते आणि पहिली पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. मध्य रेल्वेवर कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्र उलटली की लगेच निघतात, त्यामुळे कल्याणपलीकडे राहणाऱ्यांनी साडेअकरालाच बिल मागवलेलं बरं. चर्चगेट ते बोरिवली सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. तीच गाडी चुकली तर कुलाबा ते बोरिवली काळी-पिवळी टॅक्सी: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला वीसच्या वर, आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत पंचवीस टक्के जादा. पस्तीस किलोमीटर धरले तर मीटरनेच नऊशेच्या घरात. म्हणजे आत दोन बिअर कमी पिऊन जे वाचवलं, ते एका चुकलेल्या गाडीत गेलं.

आणखी एक. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्य बाजूला सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी. कुलाब्यात रीगल सिनेमाच्या चौकात उभं राहून ॲपवर रिक्षा शोधण्यात बरेच जण दहा मिनिटं घालवतात, आणि नेमकी तीच दहा मिनिटं गाडीसाठी हवी असतात. रीगलहून चर्चगेट पायी वीस-पंचवीस मिनिटं: मॅडम कामा मार्गाने कूपरेजकडे, मग उजवीकडे वळून महर्षी कर्वे मार्गाने ओव्हल मैदानाच्या कडेकडेने सरळ. रस्ता उजेडाचा आहे आणि उशिरापर्यंत वर्दळही असते.

काउंटरपलीकडे

बारच्या आतल्या बाजूने लिहितो.

क्लबात शिरण्याचे तीन भाव असतात: मुलींचा, जोडप्याचा आणि स्टॅगचा, म्हणजे एकट्या मुलाचा. स्टॅग सगळ्यांत महाग, शुक्रवार-शनिवारी तर बऱ्याच ठिकाणी साफ बंद. चार मुलगे मिळून निघालात तर दारावरच प्लॅन फिसकटतो. मिश्र ग्रुप करा, किंवा मंगळवार ते गुरुवार निवडा. लेडीज नाइट बहुतेक याच दिवसांत असते. गर्दी कमी असते म्हणूनच ती ठेवलेली असते, त्यामुळे बरोबरच्या मुलांनाही त्या रात्री सवलतीत आत घेतात.

गेस्टलिस्ट म्हणजे आधी नाव कळवून ठेवणं. बहुतेक ठिकाणी ते फुकट असतं, पण त्याला वेळेची अट असते: दहा किंवा साडेदहाच्या आत दारात हजर. इथे 'हजर'चा अर्थ रांगेत उभं असणं असा नाही, हातावर शिक्का पडलेला हवा. शनिवारी रांगच अर्ध्या तासाची असते, म्हणून साडेदहाची वेळ असेल तर पावणेदहाला पोचा.

कव्हर, म्हणजे दारात घेतले जाणारे प्रवेशाचे पैसे, भरताना एकच प्रश्न विचारायचा: "पूर्ण रिडीम होतं का?" समजा जोडप्याचं कव्हर २००० आहे. पूर्ण रिडीमेबल असेल तर तेवढ्याचं खाणंपिणं मिळतं, अर्धं असेल तर हजारचंच. आणि ते कूपन टॅक्ससकट चालतं की टॅक्स वेगळा, हेही दारातच विचारा. आत गेल्यावर हा वाद जिंकता येत नाही. उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी शिल्लक बघा आणि खायला मागवून संपवा.

माप समजून घ्या. स्मॉल ३० मिलि, लार्ज ६०, क्वार्टर १८०, म्हणजे सहा स्मॉल. बिअरची पाइंट ३३० आणि मोठी बाटली ६५०. दोन पाइंटपेक्षा एक मोठी बाटली जवळजवळ सगळीकडे स्वस्त. पिचर, म्हणजे बिअरचा जग, मागवताना तो किती लिटरचा ते विचारा, आणि फेस वरची तीन बोटं खात असेल तर "भरून द्या" म्हणा. बारटेंडर भरतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेग मोजायचं माप डमरूसारखं असतं, एका बाजूला ३० आणि दुसरीकडे ६०. ते सरळ धरून काठोकाठ भरलं तरच पूर्ण माप. तिरकं धरलं की चार-पाच मिलि कमी पडतात आणि वर बर्फ पडला की काही कळत नाही. काउंटरवर उभं राहून ऑर्डर दिलीत तर सगळं डोळ्यांसमोर होतं.

विधी_तिसरं_वर्ष

वरचं सगळं वाचण्याआधी वय बघा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण, व्हिस्की-रम-व्होडका वगैरेंसाठी २५. शिवाय पिण्याचा परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत दुकानात किंवा बारमध्ये मिळतो, वर्षाचा आणि आजीवनही असतो. थोडक्यात, पदवीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या बहुतेकांना कायद्याने बिअरसुद्धा चालत नाही, आणि एमए-एमबीए करणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाला बिअर चालते, रम नाही. मोठे क्लब दारातच २१ची अट लावतात. आधारचा मोबाइलमधला फोटो बरेच दारवान मानत नाहीत. डिजिलॉकर उघडून दाखवा किंवा मूळ कार्ड जवळ ठेवा. दुसऱ्याचं कार्ड वापरणं हा गुन्हा आहे. तो शिक्षण संपल्यावर नोकरीच्या पडताळणीतही आडवा येतो. कृपया नको.

ड्राय डे: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे नक्कीच. शिवाय काही सणांचे दिवस आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास. यादी दरवर्षी बघावी लागते.

गच्चीवरच्या जागांत दहा वाजता आवाज का बंद होतो, असंही विचारतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक चालत नाही. मोकळ्या हवेत नाचायचं असेल तर साडेसातला जा, दहाला बाहेर पडा. आपसूकच शेवटची गाडीही आरामात मिळते.

दुचाकीचा विषयच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मी एकच प्यायलोय" याला कायद्यात काही किंमत नाही.

हिशेबनीस

बिलाकडे वळू. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, दारूवर राज्याचा व्हॅट. हे दोन द्यावेच लागतात. तिसरी ओळ सर्व्हिस चार्जची, ती ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. चौघांचं खाणं ८०० आणि बिअर १२०० धरली तर दहा टक्क्यांनी २०० रुपये होतात. शांतपणे "सर्व्हिस चार्ज काढून द्या" म्हणायचं. ज्याने रात्रभर ताटं-ग्लास उचलले त्याच्या हातात त्यातले पन्नास-शंभर थेट द्या, ते खरंच त्याच्यापर्यंत पोचतात.

पाणी: वेटर "बॉटल?" असं विचारतो, तेव्हा मान हलवू नका. "साधं पाणी" म्हणा. हॉटेलात बाटली एमआरपीपेक्षा चढ्या भावाने विकता येते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिलाय. त्यामुळे त्यावर भांडून उपयोग नाही, न मागवणं हाच उपाय.

पैसे एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी तिथेच, टेबलावरून उठण्याआधी यूपीआय करायचं. तळघरातल्या क्लबांत रेंज नसते, म्हणून थोडी रोख ठेवा.

गिरणगाव

स्वस्त जागा म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: बसून गप्पा मारायच्या असतील तर क्लब नको, साधी परमिट रूम बघा. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीतलं गोकुळ आणि वांद्र्यात पाली नाक्याचं जनता ही विद्यार्थ्यांची जुनी ठिकाणं. अशा जागी एसी आणि साध्या भागाचे भाव वेगळे असतात. स्वयंपाकघर एकच, बाटली तीच, फरक फक्त थंड हवेचा. शेंगदाणे-चणे बऱ्याच ठिकाणी फुकट येतात, पण मसाला पापड बिलात लागतो.

गाणी हवी असतील तर कुलाब्यात माँडेगर. ज्यूकबॉक्स आहे, भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. भाव परमिट रूमपेक्षा बरेच वर, तेव्हा एक पिचर चौघांत. ब्रीच कँडीजवळचं घेट्टो आणि वांद्र्याचं टोटोज हे रॉक ऐकणाऱ्यांचे अड्डे. तिथे कपड्यांवरून कुणी हटकत नाही. मोठ्या क्लबात मात्र चप्पल आणि हाफ पँटवर दारातूनच परत पाठवतात, मग येण्याजाण्याचा खर्च अक्कलखाती.

लोअर परळला जुन्या गिरण्यांच्या आवारांतल्या क्लबांत जाणाऱ्यांसाठी: स्टेशनवर फक्त स्लो गाड्या थांबतात. मध्य रेल्वेवाल्यांनी करी रोडला उतरावं, दोन्हीकडून गिरण्यांची आवारं चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

आणि हे मनापासून सांगतो. आत शिरलात की आधी दुसरा दरवाजा शोधा. डिसेंबर २०१७ मध्ये इथल्याच कमला मिल्स आवारात गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ जण गेले, त्यांतले कितीतरी स्वच्छतागृहात गुदमरून. धूर दिसला की माणूस आडोशाला पळतो, आणि स्वच्छतागृहाला दुसरी वाट नसते. गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, बहुतेक तिथे काम करणारे. बाहेर पडायच्या जिन्यावर खोके रचलेले दिसले, किंवा दार साखळीने बांधलेलं दिसलं, तर कव्हर बुडालं तरी चालेल, बाहेर या.

खारपूर्व

मुलींसाठी. रात्री महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. पण काही महिला डबे ठरावीक वेळेनंतर सर्वसाधारण होतात, ती वेळ डब्यावरच लिहिलेली असते, चढताना वाचा. डबा रिकामा असेल तर त्यात बसण्यापेक्षा पोलीस असलेला डबा गाठा. महिला हेल्पलाइन १०३, सगळ्यासाठी ११२, रेल्वे पोलीस १५१२. नंबर आधीच साठवून ठेवा.

ग्लास हातातून सुटला, नाचायला गेलात, परत आलात: तो सोडून द्या, नवीन घ्या. लेडीज नाइटला फुकटची कॉकटेल्स गोड असतात, म्हणून किती चढतंय ते उशिरा कळतं. मध्ये मध्ये पाणी प्या, आणि त्याआधी वरण-भात-पोळी असं पोटभर जेवून निघा. रिकाम्या पोटी चिप्सवर भागवणं सगळ्यांत जास्त बाधतं.

होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, लेट पास कधीपर्यंत मागावा लागतो, हे त्याच आठवड्यात वॉर्डनना विचारा. गेट बंद आणि लोकलही बंद, हीच वेळ सगळ्यांत वाईट.

कटिंग

न पिणाऱ्यांची आणि २१च्या आतल्यांचीही रात्र असते हो, आणि माझ्या मते तीच जास्त रंगते. खार-अंधेरी भागात ओपन माइक आणि स्टँडअपची तिकिटं क्लबच्या कव्हरपेक्षा कितीतरी स्वस्त. जुहूचं पृथ्वी थिएटर जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. कुठूनही नट हाताच्या अंतरावर दिसतो, आणि प्रयोग संपल्यावर कॅफेत तासभर बसता येतं. काळा घोडा कला महोत्सव साधारण नऊ दिवसांचा आणि फुकट. रमजानात मोहम्मद अली रोडजवळची मिनारा मशिदीची गल्ली पहाटेपर्यंत जागी. दोघांत एक मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी पुरते, मालपुवा खरोखर मोठा असतो. स्टेशनांबाहेरच्या गाड्यांवर भुर्जी-पाव उशिरापर्यंत मिळतो.

आरे ते कफ परेडच्या मेट्रो ३ वर फार विसंबू नका, टोकाच्या स्टेशनांवरून शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराला. जायला बरी, परतायला नाही.

निशाचर

शनिवारी रात्री रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक असेल तर शेवटच्या गाड्या रद्द होतात का?

अपफास्ट

होतात, किंवा धिम्याऐवजी जलद मार्गावरून पळवतात, आणि मग लोअर परळ-माटुंगा रोडसारखी स्टेशनं वगळली जातात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रेल्वेची सूचना येते. ती आणि एम-इंडिकेटर ॲप दोन्ही बघा. ब्लॉक असला तर दादर गाठून गाडी पकडा. ३१ डिसेंबर आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री उलट असतं, जादा लोकल सोडतात. त्यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा, चौपाटीवर त्या गर्दीत इंटरनेट चालत नाही.